आकडे मोजणारी माणसं

पक्ष्याचं आतडं उभं चिरून पाण्यात पसरलं, की कधीकधी आतल्या अस्तराला घट्ट चिकटलेले पांढरट किंवा नारिंगी कृमी दिसतात. चिमट्याने ओढले तर सहजी सुटत नाहीत. जोर लावला तर तुटतात, आणि डोकं आतड्याच्या भिंतीतच रुतून राहतं. कृमीची जात ओळखायला नेमकं तेच डोकं हवं असतं. त्यावर एक सोंड असते आणि सोंडेवर मागे वळलेल्या आकड्यांच्या रांगा. म्हणून या गटाचं नाव अॅकॅन्थोसेफाला, म्हणजे काटेरी डोक्याचे. त्यांना तोंड नाही की अन्ननलिका नाही. यजमानाने पचवलेलं अन्न ते त्वचेतूनच शोषून घेतात. मराठीत 'आकडा' म्हणजे हूक आणि आकडा म्हणजे संख्याही. या कृमींच्या अभ्यासात दोन्ही अर्थ एकत्र नांदतात, कारण इथे आकड्यांचे आकडे मोजावे लागतात.

ही मोजदाद सुरू होण्याआधीची एक गोष्ट जर्मनीतल्या क्वेडलिनबुर्ग गावच्या एका पाद्र्याची आहे. योहान आउगुस्ट एफ्राइम गोझं. १७७३ मध्ये त्याने टार्डिग्रेड या सूक्ष्म जीवाचं वर्णन करून त्याला 'छोटं पाणअस्वल' म्हटलं. १७८२ मध्ये आतड्यांतल्या कृमींवर त्याचा मोठा ग्रंथ आला. पक्ष्यांमधल्या ज्या कृमीला आज प्लॅजिओऱ्हिंकस सिलिंड्रेसियस म्हणतात, त्याचं 'सिलिंड्रेसियस' हे नाव त्या ग्रंथातलं. त्या काळी बरेच विद्वान मानत, की कृमी बाहेरून येत नाहीत, यजमानाबरोबरच जन्मतात. मग प्रत्येक प्राण्याचा कृमी त्याचा स्वतःचा, हे ओघानेच आलं. पुढे १८६०च्या दशकात रुडॉल्फ लॉयकार्टसारख्या अभ्यासकांनी दाखवलं, की या कृमींचं बालपण दुसऱ्याच, सांध्यांच्या पायांच्या छोट्या जीवात जातं, आणि तो जीव खाल्ला गेला की कृमी मोठ्या प्राण्यात पोचतो. जुना समज गेला, पण त्यातून आलेली सवय राहिली. यजमान नवा, देश नवा, की कृमीला नाव नवं.

दीर्घकाळ जवळपास सगळेच काटेरी कृमी 'एकायनोऱ्हिंकस' या एकाच वंशात कोंबलेले होते. १९११ मध्ये माक्स ल्यूहं या जर्मन अभ्यासकाने ते गाठोडं सोडलं आणि पॉलिमॉर्फस, फिलिकॉलिस, प्लॅजिओऱ्हिंकस, सेंट्रोऱ्हिंकस असे वंश वेगळे केले. सोंडेवर आकड्यांच्या रांगा किती, एका रांगेत आकडे किती, कुठल्या आकड्याला मूळ आहे, धडावर काटे आहेत का, नराच्या सिमेंट-ग्रंथी किती, अशा खुणांना महत्त्व आलं. (या ग्रंथींच्या स्रावाने नर समागमानंतर मादीचं जननद्वार बंद करतो.)

मोजणं मात्र वाटतं तितकं सोपं नाही. जिवंत कृमी थेट अल्कोहोलमध्ये टाकला तर तो सोंड आत ओढून घेतो आणि आकडे दिसेनासे होतात. म्हणून आधी त्याला काही तास साध्या थंड पाण्यात ठेवतात. पाणी शोषून तो फुगतो आणि सोंड बाहेर पडते. त्यातही फसगत होते. बदकांमधल्या फिलिकॉलिस अॅनाटिसच्या प्रौढ मादीची सोंड फुग्यासारखी गोल होते, नराची होत नाही. शेजारी ठेवले तर दोघांना एक जात म्हणायला मन धजावत नाही.

अमेरिकेत हे काम इलिनॉय विद्यापीठाच्या हार्ली जोन्स व्हॅन क्लीव्ह यांनी आयुष्यभर केलं. १९१८ मध्ये त्यांनी तिथल्या पक्ष्यांमधल्या एका कृमीला प्लॅजिओऱ्हिंकस फॉर्मोसस असं नाव दिलं. १९६४ मध्ये जेराल्ड श्मिट आणि ऑलिव्हर ऑल्सन यांनी त्याचं जीवनचक्र उलगडलं. त्याचं बालपण जातं ओल्या दगडाविटांखाली राहणाऱ्या, डिवचला की गोळी होणाऱ्या पिलबगमध्ये. १९८१ मध्ये श्मिट यांनीच जाहीर केलं, की फॉर्मोसस आणि गोझंचा सिलिंड्रेसियस एकच आहेत.

दोनशे वर्षांनी दोन नावांचं एक झालं आणि त्याबरोबर प्रश्नही बदलला. फॉर्मोसस हा अमेरिकेचा रहिवासी वाटला असता. सिलिंड्रेसियस म्हटल्यावर युरोप आठवतो, आणि तो पिलबगही मूळचा युरोपचाच. या कृमीचा तिथला एक नेहमीचा यजमान म्हणजे स्टार्लिंग, आपल्या साळुंकीचा चुलतभाऊ. तोही १८९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये आणून सोडलेला. १९८३ मध्ये जॅनिस मूर यांनी दाखवलं, की कृमी असलेले पिलबग आडोसा सोडून उघड्यावर येतात आणि स्टार्लिंगच्या तोंडी जास्त पडतात. कृमीचं नाव बरोबर असेल, तर पक्षी कुठे चरला आणि त्याने काय खाल्लं याचा माग लागतो. नाव चुकलं तर शोध चुकीच्या जीवापाशी जाऊन थांबतो.

या नावांच्या यादीत एक आडनाव आपल्या ओळखीचं आहे. मुक्तेश्वरच्या इम्पीरियल पशुवैद्यक संशोधन संस्थेतले जी. डी. भालेराव यांनी १९३७ मध्ये कोंबड्यांमधल्या काटेरी कृमीचं वर्णन केलं. आज त्याचं नाव लिहितात मेडिओऱ्हिंकस गॅलिनेरम (भालेराव, १९३७). प्राणिशास्त्रात नाव देणाऱ्याभोवती कंस आला, की समजायचं, जात टिकली पण तिचा वंश नंतर बदलला. गोझंच्या नावाभोवतीही तसाच कंस आहे. आधीच्या माणसाचं श्रेय न पुसता दुरुस्ती करण्याची ही साधी सोय.

दुरुस्ती अजून चालूच आहे. पाणपक्ष्यांमधला पॉलिमॉर्फस मायन्युटस ही एकच जात मानली जाई. २०१८ मध्ये जर्मनीतल्या ओढ्यांमधल्या गॅमरस या कोळंबीच्या नात्यातल्या जीवांमधून त्याच्या अळ्या काढून डीएनए तपासला, तेव्हा एका नावाखाली तीन वेगळे वंशगट निघाले. श्मिटनी दोन नावांचं एक केलं होतं. इथे एका नावाचे तीन व्हायची वेळ आली. तरी डीएनएचा कुठलाही निष्कर्ष जुन्या नावाशी जोडायचा, तर बाटलीतला तो कृमी पुन्हा काढावा लागतो, आणि सोंडेवरचे आकडे मोजावे लागतात.