सात भागिले क्षेत्रफळ : घरगुती इन्व्हर्टरच्या रोहित्राचा इतिहास

३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर–सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे वीजजाळे उर्वरित भारताच्या जाळ्याशी एका वारंवारतेत आले. त्याआधीची काही वर्षे चेन्नईबाहेरच्या तामिळनाडूने मोठ्या वीजटंचाईत काढली होती. दिवसाचे अनेक तास वीज नसे. कुंभकोणममधील कावेरीकाठचे मेलकावेरी त्याच मुलखातले. महाराष्ट्राला हे दुःख नवे नव्हते. २००५ नंतरच्या भारनियमनात आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची एक पिढी कंदिलाजवळ बसून परीक्षेची तयारी करत होती. मीही त्यांतलाच.

तयार इन्व्हर्टर परवडत नसे तेथे तो घरी बांधण्याची धडपड सुरू होई. इलेक्ट्रॉनिक भाग बाजारात मिळत; अडे ते रोहित्राशी, म्हणजे ट्रान्सफॉर्मरशी. भंगारातील जुन्या स्टॅबिलायझरच्या पत्त्या, बॉबिन, एनॅमलची तांब्याची तार आणि वॉर्निश एवढ्यावर ते गुंडाळायचे असे. वेढे किती घालायचे, या एका प्रश्नामागे जवळजवळ दोनशे वर्षांचा इतिहास आहे.

शाळेत आपण गुणोत्तर शिकतो : व्होल्टांचे प्रमाण म्हणजे वेढ्यांचे प्रमाण. महाविद्यालयात असताना मी त्यावर पूर्ण विश्वास ठेवला. प्राथमिक बाजूस २१ आणि दुय्यम बाजूस ४०३ वेढे हवेत, असे मोटार-वाइंडिंग करणाऱ्या एका कारागिराने सांगितले होते. तांबे वाचावे म्हणून मी १० आणि २०० घातले. गुणोत्तर जवळजवळ तेच होते. बॅटरी जोडताच रोहित्र गुरगुरले आणि क्षणात मॉस्फेट जळाले. कारागिराला मी सूत्र विचारले तेव्हा तो एवढेच म्हणाला, ‘‘सात भागिले क्षेत्रफळ.’’

या ‘सात’चा उगम शोधायचा तर २९ ऑगस्ट १८३१ पर्यंत मागे जावे लागते. त्या दिवशी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडेने मऊ लोखंडाच्या कड्यावर तांब्याच्या तारेची दोन वेटोळी गुंडाळली. वेढ्यांमध्ये सुतळी घातली, थरांमध्ये कापड. तंजावरचे सरफोजी राजे (दुसरे) तेव्हा हयात होते. फॅरडेने एका वेटोळ्यास बॅटरी जोडली. दुसऱ्या वेटोळ्याकडची सुई क्षणभर हलली आणि स्थिरावली. बॅटरी सोडवताच ती उलट दिशेने हलली. प्रवाह अखंड वाहत असताना मात्र काहीच घडत नव्हते.

इन्व्हर्टरची गरज या निरीक्षणातच दडलेली आहे. बॅटरीचा दिष्ट प्रवाह रोहित्राला निरुपयोगी. तो सतत तोडावा आणि उलटवावा लागतो. फॅरडेने हे हाताने केले. १८३६ च्या सुमारास आयर्लंडमधील मेनूथ येथे निकोलस कॅलन या धर्मगुरू-प्राध्यापकाने प्रवाह यांत्रिक रीतीने तोडून मोठा विद्युतदाब मिळवला. १९३० च्या दशकातील मोटारींच्या रेडिओत हेच काम थरथरणारी पट्टी करी. १९५५ मध्ये जॉर्ज रॉयरने ट्रान्झिस्टर वापरून असे मंडल प्रसिद्ध केले, की त्यात गाभा संपृक्त झाला की प्रवाहाची दिशा आपोआप उलटते. आजचे मॉस्फेट त्याच घराण्यातले.

वेढ्यांच्या संख्येचा इतिहास याला समांतर चालतो. आरंभीच्या रोहित्रांचा गाभा उघडा असे आणि चुंबकीय अभिवाहाला परतीची वाट हवेतून शोधावी लागे. १८८५ मध्ये बुडापेस्टच्या गान्झ कारखान्यातील कारोली झिपर्नोव्स्की, ऑटो ब्लाथी आणि मिक्शा डेरी यांनी बंद गाभ्याचे रोहित्र सिद्ध केले. ‘ट्रान्सफॉर्मर’ हे नाव ब्लाथीचे. १८८६ मध्ये हॉपकिन्सन बंधूंनी चुंबकीय मंडलाचे गणित डायनॅमोसाठी मांडले. १८९२ मध्ये स्टाइनमेट्झने गाभ्यात वाया जाणाऱ्या उष्णतेचा नियम दिला. विसाव्या शतकाच्या आरंभी हॅडफील्डच्या सिलिकॉन-पोलादाने ती उष्णता पुष्कळ घटवली. या सर्वांनी मिळून ठरवले की गाभ्यावर भार किती टाकायचा. कारण लोखंड अमर्याद अभिवाह पेलत नाही. मर्यादा ओलांडली की रोहित्राचे रोहित्रपण संपते आणि उरते केवळ जाड तार, बॅटरीच्या दोन टोकांवर आडवी पडलेली. माझे मॉस्फेट त्यामुळेच जळाले.

आता ‘सात’ उलगडू. साइन लहरीसाठी,

व्होल्ट = ४.४४ × वारंवारता × वेढे × अभिवाह घनता × गाभ्याचे क्षेत्रफळ.

वारंवारता ५० हर्ट्झ, घनता १ टेस्ला आणि क्षेत्रफळ १ चौरस इंच, म्हणजे ६.४५ चौरस सेंटिमीटर घेतले, तर दर वेढ्यास ०.१४३ व्होल्ट मिळतात; म्हणजेच दर व्होल्टला ६.९८ वेढे. कारागीर याला सात म्हणतो. एक टेस्ला, पन्नास हर्ट्झ आणि फॅरडेचा नियम, सारे त्या एका आकड्यात बसलेले आहे.

माझा गाभा २ × २ इंचांचा होता, क्षेत्रफळ ४ चौरस इंच. साधारण ५०० व्होल्ट-अँपिअरला पुरेल असा. सात भागिले चार म्हणजे व्होल्टला १.७५ वेढे, १२ व्होल्टला २१, २३० व्होल्टला ४०३. माझ्या १० वेढ्यांनी त्याच गाभ्याकडे, चौकोनी लहर धरता, सुमारे २.३ टेस्लाची मागणी केली. सिलिकॉन-पोलाद दोनच्या आसपासच हात टेकते.

पण सिलिकॉन-पोलाद सुमारे दीड टेस्ला सुखाने पेलत असता कारागीर एकच का धरतो? भाराखाली बॅटरीचा दाब उतरतो, तारांत आणि मॉस्फेटांत थोडा दाब खर्ची पडतो. म्हणून पुढच्या खेपेस त्याने प्राथमिक बाजूचे वेढे २१ वरून १८ केले, म्हणजे दिव्यापर्यंत २३० च्या जवळपास दाब पोचावा. भरलेल्या बॅटरीचे १२.६ व्होल्ट १८ वेढ्यांवर आले की घनता १.३६ टेस्ला होते. ‘सात’मध्ये राखून ठेवलेली सवलत नेमकी येथे कामी आली. सेंटर टॅपच्या दोन्ही अंगांच्या तारा त्याने जोडीने गुंडाळल्या, म्हणजे दोहोंची लांबी आणि रोध सारखे राहिले. ते इन्व्हर्टर चालले.

हा आकडा निसर्गाचा स्थिरांक मात्र नव्हे. ‘मेल’ म्हणजे तमिळमध्ये वरचा किंवा पश्चिमेकडचा. मेलकावेरीहून नदीच्या वरच्या अंगाला खूप दूर, म्हैसूर संस्थानात, शिवनसमुद्र येथे १९०२ मध्ये जलविद्युत केंद्र सुरू झाले आणि कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत वीज गेली. तिची वारंवारता २५ हर्ट्झ होती. वारंवारता निम्मी म्हणजे वेढे दुप्पट. त्या विजेवर चालणाऱ्या कारागिराचा आकडा ‘चौदा’ झाला असता. आज काश्मीर ते कन्याकुमारी एकच आकडा चालतो, कारण जाळ्याची वारंवारता एकच आहे.

आता हा आकडाही मागे पडत आहे. नव्या इन्व्हर्टरांत फेराइटचे छोटे गाभे हजारो हर्ट्झवर चालतात, टंचाईही पूर्वीसारखी उरलेली नाही. मोटार-वाइंडिंगची दुकाने आहेत. पण रोहित्र घरी गुंडाळणारे कमी होत आहेत.

विद्यार्थ्यांना दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली सावधगिरीची : बॅटरी १२ व्होल्टची असली तरी दुसऱ्या बाजूचे २३० व्होल्ट जीव घेतात, आणि चेंजओव्हर स्विच न बसवता इन्व्हर्टर घराच्या वायरिंगला जोडला, तर वीज गेली असे समजून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या प्राणांवर बेतू शकते. दुसरी इतिहासाची : आपल्या गावच्या वाइंडिंग कारागिराला त्याचा आकडा विचारा. तो सात सांगेल. सेंटिमीटरात मोजणारा असेल तर बेचाळीस किंवा पंचेचाळीस. मग वरचे सूत्र घेऊन तो किती टेस्ला धरतो ते काढा, आणि कारागिराच्या नोंदीसह आपल्या वहीत लिहून ठेवा. फॅरडेचा नियम मला परीक्षेपुरता पाठ होता. वेढे किती, हे त्या दुकानात कळले.