मराठी ख्रिस्ती लेखक आणि त्यांचे वाचक



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजिले आहे, त्यांनीच बेळगावच्या या शाळेत मला मराठी वाचावयास शिकविले. म्हणून आज वाचनातीलच एका चुकीविषयी, आणि तीही माझ्या स्वतःच्या, बोलण्याचे मी योजिले आहे.

महाविद्यालयात मी अनेक वर्षे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शिकवीत असे. एकदा तास संपल्यावर एका ख्रिस्ती विद्यार्थिनीने विचारले, “सर, लक्ष्मीबाई तुमच्या की आमच्या?” “आपल्या,” असे मी तत्काळ उत्तरलो आणि मनोमन सुखावलो. ती म्हणाली, “मग त्यांच्या बाप्तिस्म्यानंतरचा भाग वर्गात का वाचत नाही?” मी अभ्यासक्रमाचे कारण सांगितले. ते खरे नव्हते. त्या पानांवरील श्रद्धेचा मला संकोच वाटत होता.

पुढे ध्यानात आले, की हा संकोच माझ्या एकट्याचा नाही. आपल्याच बेळगावात १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींनी १८५४ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध केले. मराठीतील आद्य कादंबऱ्यांत त्याची गणना होते. त्यातील विधवांच्या दुःखाचे चित्रण आपण गौरवितो. यमुना अखेर ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते, तो शेवट मात्र ‘प्रचार’ म्हणून बाजूस सारतो. पदमनजींना ते दुःख आणि तो शेवट वेगळे काढता येत नव्हते.

नारायण वामन टिळकांचेही तेच झाले. फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईस त्यांचा बाप्तिस्मा झाला, आप्त दुरावले, पत्नीशीही काही वर्षे ताटातूट झाली. मात्र ख्रिस्ती होणे म्हणजे परदेशी होणे, हे त्यांनी कधीच मानले नाही. अभंग, भजन आणि कीर्तन यांतून त्यांनी ख्रिस्तभक्ती गाइली. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती. १९१९ साली ते निवर्तले, तेव्हा अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. आमच्या पाठ्यपुस्तकांनी मात्र त्यांना ‘फुलांमुलांचे कवी’ एवढेच ठेविले. नावापुढचे ‘रेव्हरंड’ हे केवळ भूषण होऊन राहिले.

लक्ष्मीबाई नगरला आल्या त्या सोवळे सांभाळूनच. जातिभेद ईश्वराने निर्मिलेला नाही, हा निर्णय त्यांनी आधी स्वतःच्या बुद्धीने केला. त्यानंतर, १९०० साली, बाप्तिस्मा घेतला. ही पाने वगळली म्हणजे त्यांचा विनोद उरतो, त्यांचे धैर्य हरपते.

१९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने आपला धर्म मानण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क प्रत्येकास दिला. कायदा उदार आहे. आपला शिष्टाचार मात्र तितका उदार नाही. ‘या, बसा, पण श्रद्धा वहाणांबरोबर दाराबाहेर ठेवा,’ असे तो न बोलता सांगतो. अशा वेळी अल्पसंख्य माणसापुढे दोन सोपे मार्ग असतात: आपल्या वस्तीत मिटून राहावे, किंवा चारचौघांत धर्माविषयी मौन पाळावे. टिळक दांपत्याने दोन्ही नाकारले आणि सर्वांच्या भाषेत आपली श्रद्धा उघडपणे मांडली.

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवात, त्र्याण्णवावे साहित्य संमेलन भरले. ‘सुबोध बायबल’ मराठीत आणणारे वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्याचे अध्यक्ष होते. ते धर्मगुरू आहेत, म्हणून त्यांच्या निवडीस काहींनी विरोध केला. तरीही ते अध्यक्षपदी बसले. २०२४ साली ते निवर्तले. त्या विरोधाच्या बातम्या वाचताना मला माझा वर्ग आठवला. विरोधक उघड बोलले. मी सौजन्याने पाने उलटीत राहिलो, एवढाच काय तो भेद.

धर्मनिरपेक्षता म्हणजे कोणाच्याही श्रद्धेची पाने न वाचणे नव्हे, तर आपली नसलेली पानेही आदराने वाचणे होय, असे मला आता वाटते. ती श्रद्धा स्वीकारलीच पाहिजे असे नाही. मीही स्वीकारलेली नाही. परंतु त्या विद्यार्थिनीला दिलेले ‘आपल्या’ हे उत्तर खरे ठरावयाचे असेल, तर ‘स्मृतिचित्रे’ शेवटच्या पानापर्यंत वाचावयास हवी होती. वर्गात ते मी केले नाही, निवृत्तीनंतर केले. आज अध्यापन करणाऱ्यांनी इतका उशीर करू नये, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.