मूषकदेहाभोवतीच्या वेटोळ्याची कुळकथा

माकणीच्या निम्न तेरणा जलाशयातले पाणी असो की उंदराच्या मेंदूतले, त्यातील हायड्रोजनचे अणुकेंद्र १ टेस्ला तीव्रतेच्या चुंबकीय क्षेत्रात सेकंदास सुमारे ४ कोटी २६ लक्ष वेळा भ्रमण करते. आणि या भ्रमणाची क्षीण चाहूल एमआरआय यंत्रातील ज्या तांब्याच्या वेटोळ्यात विद्युद्दाबाच्या रूपाने उमटते, त्याचे मूळ मायकेल फॅरेडे यांच्या १८३१ सालच्या प्रवर्तनाच्या शोधापर्यंत जाऊन भिडते.

हीच चाहूल टिपण्यासाठी १९४६ साली स्टॅनफर्ड येथे भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉख यांनी रेडिओ लहरी धाडणारे एक आणि प्रतिसाद टिपणारे दुसरे, अशी दोन वेटोळी परस्परांशी काटकोनात योजली, ती पहिल्याच्या गोंगाटात दुसऱ्याचा स्वर बुडू नये म्हणून. तेथेच १९५१ साली अरनॉल्ड व पॅकर्ड यांच्यासह मद्यार्कातील हायड्रोजनचे तीन भिन्न संकेत उलगडणारे एस. एस. धर्मट्टी पुढे मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि अणुकेंद्रांची चाहूल टिपण्याच्या या विद्येचे अभ्यासपीठ त्यांनी उभारले. आपल्या विज्ञानाच्या दप्तरी ही नोंद ठळक अक्षरांत असावी, असे मला मनापासून वाटते.

लहान प्राण्यांनी मात्र या वेटोळ्याची खरी कसोटी पाहिली. पंचवीस ग्रॅम वजनाच्या उंदरात माणसाइतकाच तपशील हवा, तर प्रतिमेचा प्रत्येक घनबिंदू सुमारे अडीच हजार पट लहान घ्यावा लागतो, आणि संकेताचे उत्पन्नही त्याच प्रमाणात घटते. ही तूट भरून काढण्याचा मार्ग हौल्ट व रिचर्ड्स यांनी १९७६ साली गणिताने मांडला: एक अँपिअर प्रवाहाने वेटोळे जितके तीव्र क्षेत्र निर्माण करील, तितकीच त्याची ग्रहणशक्ती, म्हणून ते लहान असावे आणि देहाला बिलगून असावे. मळसूत्री वेटोळे यात सर्वांत सरस; परंतु त्याचे क्षेत्र मुख्य चुंबकाच्या क्षेत्राशी काटकोनात असावे लागत असल्याने ते आडवे ठेवावे लागते, आणि आडव्या चुंबकात लांबट निजवलेल्या उंदराचा त्यात समावेश होत नाही. या अडचणीतून खोगिराच्या आकाराचे वेटोळे रूढ झाले. १९८० साली जिवंत उंदरांवर ठेवलेल्या एकपदरी पृष्ठ-वेटोळ्याने स्नायूतील फॉस्फरसचे संकेत टिपले. १९८५ साली हेज व सहकाऱ्यांनी पिंजऱ्यासारखी समांतर दांड्यांची रचना सिद्ध केली, जिच्या पोटात क्षेत्र सर्वत्र जवळपास सारखे राहते.

मनुष्यदेहाच्या बाबतीत गोंगाट बहुतांशी देहातूनच उठतो. उंदराच्या बाबतीत तो मुख्यत्वे वेटोळ्यातील तांब्याच्या रोधातून उठतो. यासाठी अलीकडे वेटोळेच अतिशीत करण्याची तजवीज झाली आहे. संकेताची स्पष्टता दुप्पट झाली, की त्याच दर्जाच्या प्रतिमेस चौथ्या हिश्श्याचा अवधी पुरतो, आणि भुलीखाली निजलेल्या त्या जिवाची सुटकाही तितकीच लवकर होते.