मेरुरज्जूचा रक्तपुरवठा : इतिहास

पाठीच्या कण्यातील नालीत असलेल्या मेरुरज्जूला रक्त पुरविणाऱ्या रोहिण्या व तेथील रक्त परत नेणाऱ्या नीला यांविषयीचे ज्ञान सु. साडेतीन शतकांत टप्प्याटप्प्याने झाले. प्रौढ व्यक्तीत मेरुरज्जू सु. ४५ सेंमी. लांब असतो, मात्र त्याला रक्त आणणाऱ्या वाहिन्या बारीक असून त्यांची संख्याही थोडी असते. त्यामुळे रक्तपुरवठा थोडा काळ जरी पूर्ण खंडित झाला, तरी दोन्ही पाय कायमचे लुळे पडण्याचा संभव असतो. या ज्ञानाला वैद्यकात महत्त्व आले ते यामुळेच.

प्रारंभीचे संशोधन : टॉमस विलिस (१६२१–७५) या इंग्रज वैद्यांनी १६६४ मध्ये मेंदूच्या तळाशी असलेल्या रोहिणी-वलयाचे वर्णन केले. त्याच शतकात नील्स स्टेनसेन (१६३८–८६) या डॅनिश शारीरविज्ञांनी प्राण्याची अवरोही महारोहिणी बांधली असता त्याच्या मागील पायांतील शक्ती जाते, असे दाखविले. हा परिणाम स्नायूंवरील की तंत्रिका तंत्रावरील, हे तेव्हा उलगडले नव्हते. पुढे १८८४ मध्ये पाउल एर्लिख व लूटव्हिख ब्रीगर यांनी सशाच्या उदरीय महारोहिणीतील प्रवाह काही काळ रोखला. तेव्हा मेरुरज्जूच्या कटिभागातील करड्या द्रव्याचा नाश झालेला आढळला व या लुळेपणाचे मूळ मेरुरज्जूत असल्याचे स्पष्ट झाले.

रोहिण्या : या वाहिन्यांचा पहिला तपशीलवार अभ्यास क्रेको येथील प्राध्यापक आल्बेर्ट आडामकीएव्हिच (१८५०–१९२१) यांनी केला. मृतदेहांतील वाहिन्यांत रंगद्रव्ये भरून केलेल्या या अभ्यासाचे निष्कर्ष १८८१ व १८८२ मध्ये दोन भागांत व्हिएन्ना येथे प्रसिद्ध झाले. १८८९ मध्ये हेन्रिक काडी (१८५१–१९१२) यांच्या ग्रंथाने त्यात मोलाची भर पडली. तंत्रिकामुळांबरोबर नालीत शिरणाऱ्या अनेक रोहिण्यांपैकी थोड्याच प्रत्यक्ष मेरुरज्जूपर्यंत पोहोचतात, हे या अभ्यासांवरून दिसून आले.

आज ज्ञात असलेली रचना पुढीलप्रमाणे आहे : मेरुरज्जूच्या पुढील बाजूस एक व मागील बाजूस दोन उभ्या रोहिण्या असतात. पुढील रोहिणी मेरुरज्जूच्या सु. दोन-तृतीयांश भागास रक्त पुरविते. या उभ्या रोहिण्यांना वाटेत मान, छाती व कंबर येथील रोहिण्यांच्या शाखांकडून पूरक रक्त मिळते. छाती व कंबर येथील याच रोहिण्यांच्या मागील शाखा पाठीचे स्नायू, त्वचा व मणके यांनाही रक्त पुरवितात. पूरक शाखांपैकी सर्वांत मोठीस आडामकीएव्हिच यांचे नाव मिळाले. ती बहुधा डाव्या बाजूने, नवव्या ते बाराव्या वक्षीय मणक्यांच्या पातळीवर आत शिरते व केसात खोवण्याच्या आकड्यासारखे वळण घेऊन पुढील रोहिणीस मिळते. तिचे स्थान मात्र व्यक्तीपरत्वे बदलते.

नीला : फ्रेंच शारीरविज्ञ झिल्बेर ब्रेशे (१७८४–१८४५) यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कण्याच्या आतील व बाहेरील नीलाजालांचे सचित्र वर्णन केले. त्यांच्या कार्याचे महत्त्व फिलाडेल्फियाचे ऑस्कर बॅटसन (१८९४–१९७९) यांनी १९४० मध्ये दाखविले. अष्ठीला ग्रंथीचा कर्करोग फुप्फुसांत न शिरता श्रोणी व मणके यांत कसा पसरतो, हे कोडे होते. बॅटसन यांनी मृतदेहांत व जिवंत माकडांत क्ष-किरण छायाचित्रात उठून दिसणारे द्रव्य श्रोणीकडील नीलांत घातले. ते कण्यालगतच्या नीलांत गेलेले दिसले. या नीलांत झडपा नसल्याने उदरातील दाब वाढला, उदा., खोकताना किंवा कुंथताना, की रक्त उलट दिशेने वाहू शकते व कर्करोगाच्या पेशी किंवा जंतू त्याबरोबर कण्यात पोहोचू शकतात, असे त्यांनी प्रतिपादन केले.

निचऱ्यातील अडथळाही मेरुरज्जूस घातक ठरतो. शार्ल फ्वा व तेओफील आलाझ्वानीन यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेल्या, मेरुरज्जूचा हळूहळू नाश करणाऱ्या विकाराचा पुढे याच कारणाशी संबंध जोडण्यात आला. लंडनमधील ब्रायन केन्डल व व्हॅलेन्टाइन लोग यांनी १९७७ मध्ये मेरुरज्जूच्या बाहेरील आवरणातील रोहिणी-नीला जोडाचे स्वरूप स्पष्ट केले. या जोडामुळे नीलांतील दाब वाढून निचरा खुंटतो. वेळीच जोड बंद केल्यास विकाराची वाढ थांबविता येते.

शस्त्रक्रियेतील महत्त्व : १९५० नंतर महारोहिणीचा फुगलेला भाग काढून तेथे कृत्रिम नळी बसविण्याच्या शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि काही रुग्ण शस्त्रक्रियेतून वाचूनही अधरांगाच्या पक्षाघाताने जखडले. १९५६ मध्ये ॲडम्स व व्हान गीरट्रायडेन यांनी या उपद्रवाचा विवेचक आढावा घेतला. सत्तर वर्षांपूर्वीचे शारीर आता शस्त्रक्रियातज्ञांना आवश्यक ठरले. १९६० नंतर अमेरिकेत जोव्हान्नी दी कीरो व फ्रान्समध्ये रने जिंजियान यांच्या प्रयत्नांमुळे जिवंत रुग्णातील या वाहिन्यांचे क्ष-किरण चित्रण करणे शक्य झाले. तरीही ह्यूस्टन येथील १,५०९ रुग्णांच्या १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात सु. १६% रुग्णांना पायांचा पूर्ण वा अंशतः पक्षाघात झाल्याचे दिसले.

एका मोठ्या रोहिणीचे रक्षण केले म्हणजे पुरे, ही कल्पना पुढे मागे पडली. २००७ मध्ये रँडल ग्रीप यांनी मांडलेल्या संकल्पनेनुसार मेरुरज्जू, मणके व पाठीचे स्नायू यांच्या वाहिन्या मिळून एकच जाल बनते. त्यातील एक वाट बंद झाली, तरी पुरेसा रक्तदाब राखल्यास इतर वाटांनी रक्त येऊ शकते. मस्तिष्क-मेरुद्रव काढून मेरुरज्जूभोवतीचा दाब कमी करण्याचा उपायही उपयुक्त ठरला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४५ रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीत या उपायाने पक्षाघाताचे प्रमाण सु. १३ टक्क्यांवरून २·६ टक्क्यांवर आले. हा धोका अद्याप पूर्णपणे टळलेला नाही.