कापसाचा आंतरराष्ट्रीय व्यापार

कापसाचा आंतरराष्ट्रीय व्यापार : सरकी काढून गाठी बांधलेल्या रुईची देशादेशांमधली खरेदी-विक्री. प्रतवारी, वायदा, जहाजभाडे, बँकेची हमी, लवाद ही कच्च्या मालाच्या व्यापाराची बहुतेक सगळी अंगे या एकाच मालात पाहायला मिळतात. अमेरिका, ब्राझील आणि ऑस्ट्रेलिया हे मोठे निर्यातदार. चीन, बांगलादेश, व्हिएतनाम हे मोठे खरेदीदार. भारत उत्पादनात पहिल्या रांगेत आहे, पण त्याची बहुतेक रुई देशातल्याच गिरण्या उचलतात.

मापांचा घोळ या धंद्यात जुना आहे. शेतकरी सरकीसकट कापूस क्विंटलने विकतो. त्यातून साधारण तिसरा हिस्सा रुई निघते. व्यापारी भाव खंडीचा (३५६ किलो) बोलतो. गाठ भारतात १७० किलोची, अमेरिकेत सुमारे २१८ किलोची. न्यूयॉर्कचा वायदा तर पाउंडाला किती सेंट, असा लागतो. यवतमाळचा भाव त्याच्याशी ताडायचा तर आधी कागद-पेन्सिल घ्यावी लागते.

पूर्वी पारखी माणूस गाठीतून चिमूटभर रुई उपसून दोन्ही अंगठ्यांत धरून ओढी आणि धाग्याची लांबी नजरेने सांगे. आता लांबी, ताकद, तलमपणा यंत्र मोजते. तरी सौदा नमुन्यावर आणि कागदावरच ठरतो. खरेदीदाराने माल पाहिलेलाही नसतो. माल जहाजात चढला की बिल ऑफ लेडिंग (जहाजाची मालपावती) बँकेत जाते आणि लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे बँकेच्या हमीपत्रावर, पैसे सुटतात.

गाठी समुद्रात असताना भाव कोसळला तर? म्हणून व्यापारी हाजर माल घेतानाच तेवढ्याच वजनाचा वायदा विकून ठेवतो. न्यूयॉर्कचा एक वायदा ५०,००० पाउंडांचा असतो. मालात खोट आली की वायद्यात नफा होतो आणि दोन्ही बरेचसे फिटतात. त्याच बाजाराच्या उघडत्या-बंद होत्या भावांवर मुंबईत ‘आकडा’ खेळला जाई; मटक्याचे मूळ तेच.

मुंबईचा या व्यापाराशी संबंध त्याहून खूप जुना. सेंट थॉमस चर्चसमोरच्या मैदानावर गाठींचे ढीग लागत. १८४४ मध्ये तो बाजार कुलाब्याला आणि पुढे शिवडीला हलला. कॉटन ग्रीन स्टेशनाचे नाव त्याचीच खूण. अमेरिकन यादवीत (१८६१–६५) अमेरिकन कापूस अडकला आणि लँकेशायरच्या गिरण्या भारतीय कापसाकडे वळल्या. मुंबईत पैशाचा पूर आला, समुद्रात भर घालण्याच्या कंपन्यांचे शेअर आकाशाला भिडले. युद्ध संपताच भाव पडले आणि प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे धनाढ्यही बुडाले. वऱ्हाडातला कापूस मात्र वाहत राहिला. १८७० मध्ये खामगावला खास रेल्वेफाटा आला.

मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कचा भाव पाउंडाला दोन डॉलरवर गेला आणि काही महिन्यांतच निम्म्याच्या आसपास आला. चढ्या भावाने माल घेतलेल्या अनेकांनी हात वर केले. असे तंटे बहुधा लिव्हरपूलच्या कापूस-व्यापार संघटनेच्या लवादापुढे जातात, जरी त्या बंदरात आता कापूस फारसा उतरत नाही. निवाडा न पाळणाऱ्याचे नाव संघटनेच्या यादीत चढते, आणि सभासदांनी त्याच्याशी सौदा करू नये असा तिचा दंडक आहे.