परदेशात लॅब टेक्निशियनच्या शिक्षणाला मान्यता : पालकांसाठी माहिती

आपल्या मंडळातील अनेक घरांतील मुलेमुली डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी करून पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करतात. काहींना परदेशी जायचे असते. ‘आमची पदवी तिकडे चालते का?’ असे पालक आम्हाला विचारतात. येथे तीन गोष्टी वेगळ्या धराव्यात : शिक्षण, व्यवसायाची नोंदणी आणि व्हिसा. एक मिळाली म्हणून दुसरी आपोआप मिळत नाही.

भारत : २०२१च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने लॅब क्षेत्राला प्रथमच राष्ट्रीय चौकट दिली. त्यात पदविका स्तरासाठी किमान २,००० तास आणि आरोग्यसेवा व्यावसायिकाच्या पदवीसाठी किमान ३,६०० तासांचे शिक्षण धरले आहे. परदेशी संस्थाही अभ्यासक्रमाचे विषय आणि प्रत्यक्ष कामाचे प्रशिक्षण पाहतात, म्हणून पदविका आणि पदवी यांतला फरक तेथे मोठा ठरतो.

ब्रिटन : ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ ही उपाधी कायद्याने संरक्षित आहे. हेल्थ अँड केअर प्रोफेशन्स कौन्सिलच्या नोंदणीशिवाय ती वापरता येत नाही. बाहेरच्या देशातील उमेदवाराचे शिक्षण, प्रशिक्षण आणि अनुभव प्रत्येक अर्जागणिक तपासले जातात. अर्ज नामंजूर झाला तरी छाननी शुल्क परत मिळत नाही. लॅब असिस्टंटच्या कामाला ही नोंदणी लागत नाही, पण पद आणि पगार दोन्ही खालचे असतात. ‘लॅबमध्ये नोकरी’ एवढेच सांगणाऱ्या एजंटाला नेमके पद विचारावे.

युरोपीय संघ : २००५च्या निर्देशानुसार डॉक्टर, परिचारिका, फार्मासिस्ट अशा सात व्यवसायांना सदस्य देशांत परस्पर आपोआप मान्यता मिळते. लॅब तंत्रज्ञ त्या सातांत नाहीत. त्यांच्या शिक्षणाची तुलना होते आणि मोठा फरक आढळल्यास परीक्षा किंवा जास्तीत जास्त तीन वर्षांचा देखरेखीखालील काळ सांगितला जातो. भारतीय पदवीला पहिली मान्यता त्या त्या देशाच्या नियमांनी घ्यावी लागते. एका देशाने ती दिली म्हणून शेजारचा देश लगेच देईल असे नाही.

कागदपत्रे : मूळ संस्थेकडून थेट पडताळणी करण्याची पद्धत दुबईसह अनेक ठिकाणी आहे. त्यात आपल्याकडची नेहमीची अडचण नावाची. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, वडिलांचे नाव कधी आहे, कधी नाही. लग्नानंतर मुलींचे नाव बदललेले असते. हे आधीच जुळवून घ्यावे. विद्यापीठाकडून विषयवार तासांसह ट्रान्सक्रिप्ट घ्यावी. अनुभवाच्या दाखल्यात हिमॅटॉलॉजी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी यांपैकी कोणत्या विभागात किती काळ काम केले, हे लिहून घ्यावे. जुनी लॅब बंद पडली की असा दाखला मिळवणे कठीण होते.

आम्ही बँकेत शैक्षणिक कर्जांचे अर्ज पाहिले आहेत. प्रवेशपत्र हातात असले की घर तारण ठेवायला पालक लगेच तयार होतात. प्रवेशपत्र म्हणजे नोंदणी नव्हे. त्या देशात कोर्स संपल्यावर नोंदणीला अर्ज करता येतो का, हे नोंदणी संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर स्वतः वाचावे, शंका असल्यास त्यांना लेखी विचारावे आणि उत्तर आल्यावरच कर्जाच्या कागदांवर सही करावी.