ताकदीच्या गोळ्या आणि ताटातलं जेवण

आज गोष्ट सांगायची आहे इतिहासाची, पण तिची सुरुवात आपल्याच गावातल्या एका प्रश्नापासून करते.

एका बचत गटातल्या ताईंनी विचारलं, "पोरगी पळण्याच्या स्पर्धेत जाते. आता जिल्ह्यावर निवड झाली आहे. मैदानावर कुणीतरी सांगितलं की, नुसत्या भाकरीवर भागणार नाही, व्हिटॅमिनच्या आणि खनिजांच्या गोळ्या चालू करा. महिन्याला दीड हजार रुपये खर्च आहे. गटातून कर्ज घेऊ का?"

हा प्रश्न एकट्या त्या ताईंचा नाही. गावोगावच्या मुली आता कबड्डी, खो-खो, कुस्ती खेळतात, पळतात, पोलीस भरतीची तयारी करतात. आईला वाटतं, पैशावाचून आपली लेक मागे पडायला नको. म्हणून आज आपण बघू की ही व्हिटॅमिनं आली कुठून, कुणाला लागतात आणि कुणाला लागत नाहीत.

पहिली गोष्ट समुद्रावरची आहे. पूर्वी जहाजं महिनोन् महिने समुद्रात असायची. खलाशांना खायला वाळलेली बिस्किटं आणि खारवलेलं मांस. काही आठवड्यांनी त्यांच्या हिरड्या सुजायच्या, दात हलायचे, जुन्या जखमा पुन्हा उघडायच्या आणि धडधाकट माणसं मरून जायची. या रोगाचं नाव स्कर्व्ही. 1747 साली जेम्स लिंड नावाच्या जहाजावरच्या डॉक्टरनं 12 आजारी खलाशी निवडले आणि त्यांच्या दोघादोघांच्या सहा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला वेगळा उपाय. कुणाला व्हिनेगर, कुणाला समुद्राचं पाणी, तर एका जोडीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. संत्री-लिंबूवाले दोघं आठवड्याभरात उभे राहिले. एवढं डोळ्यांसमोर घडूनही इंग्रजांच्या आरमारात खलाशांना लिंबाचा रस मिळायला 1795 साल उजाडलं. मधल्या काळात किती माणसं गेली असतील!

पण या गोष्टीतली एक बाब लक्षात ठेवा. लिंबानं आजारी खलाशी बरे झाले, कारण त्यांच्या शरीरात त्या गोष्टीची कमतरता होती. जो घरी रोज भाजी-फळं खातो, त्याला दोन लिंबं जास्त दिली म्हणून तो पैलवान झाला नाही.

दुसरी गोष्ट कोंबड्यांची. आजचं जकार्ता म्हणजे तेव्हाचं बटाविया, तिथे डच लोकांचं राज्य होतं. बेरीबेरी नावाच्या रोगानं सैनिकांचे आणि कैद्यांचे पाय लुळे पडत होते. 1890 च्या सुमारास आइकमान नावाचे डॉक्टर त्याचा शोध घेत होते. त्यांच्या अंगणातल्या कोंबड्याही तशाच लुळ्या पडल्या आणि मग एक दिवस आपोआप बऱ्या झाल्या. चौकशी केली तेव्हा कळलं की, आधी कोंबड्यांना लष्करी दवाखान्याच्या स्वयंपाकघरातला उरलेला पांढरा सडीक भात मिळत होता. नंतर नवा आचारी आला. लष्कराचा भात साध्या कोंबड्यांना देणार नाही, म्हणाला. मग कोंबड्यांना साधा कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या उठून फिरायला लागल्या. जे आपण कोंडा म्हणून टाकून देतो, त्यातच जीव होता. आपल्या आज्या हातसडीचा तांदूळ खात होत्या, त्याचं मोल इथे कळतं. या कामासाठी आइकमान यांना 1929 साली नोबेल पारितोषिक विभागून मिळालं.

1912 साली कॅसिमिर फुंक या पोलंडच्या शास्त्रज्ञानं अन्नातल्या अशा अगदी थोड्या लागणाऱ्या, पण जीवनावश्यक द्रव्यांना एक नाव दिलं. तेच आजचं व्हिटॅमिन. आपण जीवनसत्त्व म्हणतो.

आता तिसरी गोष्ट, आणि ही आपल्या मुंबईतली आहे. 1928 साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईत आल्या. त्या काळी कापडगिरण्यांमध्ये काम करणाऱ्या गरीब बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या. धाप लागायची, अंगावर सूज यायची, कित्येकजणी बाळंतपणात दगावत होत्या. लुसीबाईंनी परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू केलं. त्या बाया काय खातात, कशा राहतात, हे त्यांनी तपासलं. ज्यांच्या जेवणात भाजीपाला, फळं, दूध जवळजवळ नव्हतं, त्यांच्यात हा आजार जास्त होता. मग त्यांनी तसाच निकस आहार प्रयोगातल्या प्राण्यांना देऊन बघितला. शेवटी उपाय सापडला तो एका साध्या, स्वस्त वस्तूत. दारूच्या भट्टीत जे यीस्ट उरतं, त्यापासून इंग्लंडात मार्माइट नावाचा काळा, खारट अर्क बनवतात. तो दिला आणि बायांचं रक्त भरू लागलं. 1931 साली त्यांनी हे छापून जगाला सांगितलं.

त्या अर्कात नेमकं काय होतं, हे पुढे दहा वर्षांनी समजलं. 1941 साली ते द्रव्य पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं, म्हणून लॅटिन भाषेतल्या 'पान' या शब्दावरून त्याचं नाव पडलं फोलिक अॅसिड. मैत्रिणींनो, गरोदरपणात आशाताई आपल्याला जी लाल गोळी देतात, त्यात लोहाबरोबर हेच फोलिक अॅसिड असतं. मुंबईच्या गिरणीत राबणाऱ्या, आज कुणालाही नाव माहीत नसलेल्या बायांच्या दुखण्यातून हा शोध लागला आणि आज जगभरच्या गरोदर बाया ती गोळी घेतात.

म्हणजे गोळी वाईट नाही. गोळीनं जीव वाचले आहेत. पण खलाशी असोत, कोंबड्या असोत की गिरणीतल्या बाया, तिन्ही ठिकाणी गोष्ट एकच आहे. जिथे उणीव होती, तिथे ती भरून काढली.

मग "जास्त घ्या, जास्त ताकद येईल" हा विचार कुठून आला? 1933 साली क जीवनसत्त्व कारखान्यात बनवायची युक्ती सापडली. पुढे एकेक करून इतर जीवनसत्त्वंही कारखान्यात तयार होऊ लागली. जे औषध होतं, ते दुकानातला माल झालं. त्यात 1970 साली लायनस पॉलिंग या अमेरिकेतल्या फार मोठ्या शास्त्रज्ञानं पुस्तक लिहिलं की, क जीवनसत्त्व भरपूर घेतलं तर सर्दी होत नाही. दोनदा नोबेल मिळालेला माणूस. लोकांनी विश्वास ठेवला आणि गोळ्यांचा खप वाढला. पुढे हजारो माणसांवर तपासण्या झाल्या. साध्या माणसाची सर्दी काही त्यानं टळली नाही. मोठ्या माणसाचंही म्हणणं तपासूनच घ्यावं लागतं.

खरं ते सगळं सांगायला हवं. लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारे, कडाक्याच्या थंडीत बर्फावर कसरत करणारे, अशा फार मोठा ताण सोसणाऱ्यांमध्ये मात्र क जीवनसत्त्वानं सर्दीचं प्रमाण जवळजवळ निम्मं झालेलं दिसलं. पण त्यानं ते जास्त वेगानं धावले, असं नाही.

उलटही घडतं. 2009 साली जर्मनीत सुमारे 40 तरुणांना चार आठवडे व्यायाम करायला लावला. निम्म्यांना क आणि ई जीवनसत्त्वाच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या दिल्या, निम्म्यांना नाही. व्यायामामुळे रक्तातली साखर वापरण्याची शरीराची क्षमता सुधारते. ती सुधारणा गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये दिसली, घेणाऱ्यांमध्ये दिसली नाही. व्यायामात शरीराला जो थोडा ताण पडतो, त्यातूनच ते शिकतं आणि तयार होतं. मोठ्या मात्रेनं तो ताणच दाबून टाकला, असं त्या शास्त्रज्ञांनी सांगितलं.

आणखी एक धोका आहे. जर्मनीतल्याच कोलोन शहरातल्या प्रयोगशाळेनं 13 देशांतून विकत घेतलेली 634 पूरक उत्पादनं तपासली. 2004 साली निकाल छापला. त्यांतल्या 94 उत्पादनांमध्ये डब्यावर न लिहिलेली, खेळात बंदी असलेली स्टेरॉइडं सापडली. म्हणजे सातातला एक डबा. खेळाचा नियम कडक आहे. लघवीच्या तपासणीत बंदीचं औषध सापडलं, तर "मला माहीत नव्हतं" म्हणून सुटका होत नाही. एका डब्यापायी पोरीची दोन-चार वर्षं आणि अब्रू दोन्ही जाऊ शकतात.

आता एक गोष्ट आपल्या देशातल्या धावपटूची. 1984 साली लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकमध्ये पी. टी. उषा 400 मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत धावल्या. वेळ 55.42 सेकंद. सेकंदाच्या शंभराव्या भागानं त्यांचं कांस्यपदक हुकलं आणि त्या चौथ्या आल्या. पुढे त्यांनी स्वतः सांगितलं की, तिथलं परकं जेवण जाईना, दुसरं काही मिळेना, म्हणून तांदळाची पेज आणि लोणचं यावर दिवस काढले आणि शेवटच्या 35 मीटरला ताकद कमी पडली. त्यांनी गोळी कमी पडली असं म्हटलं नाही. कमी पडलं ते पोटभर, कसाचं जेवण.

2018 साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं जगभरच्या तज्ज्ञांना बसवून याच प्रश्नावर मत मांडलं. थोडक्यात सांगायचं तर: आधी नीट जेवण. गोळी घ्यायची ती तपासणीत उणीव निघाली तर, आणि जाणकाराच्या सल्ल्यानं. चांगलं जेवणाऱ्या खेळाडूला जास्तीच्या जीवनसत्त्वानं वेग मिळत नाही.

मग आपल्या लेकींचं काय? मैत्रिणींनो, इथे जरा थांबून ऐका. 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींच्या अंगात रक्त कमी आढळलं. दहातल्या सहा जणी! लोहाशिवाय रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पळणाऱ्या मुलीचं लोह पाळीत जातं, थोडं घामातून जातं, आणि सरावात तिची गरजही जास्त असते. अशी मुलगी दमते, तिला धाप लागते, आणि आपण म्हणतो, आळशी आहे, नाहीतर ताकदीचा डबा आणा.

तर त्या ताईंना माझं सांगणं असं. कर्ज काढायच्या आधी लेकीला उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या आणि हिमोग्लोबिन तपासा. ते 12 च्या खाली असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस लोहाची गोळी द्या. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळते. हिमोग्लोबिन बरं असूनही मुलगी दमत असेल, तर अंगातलं साठवलेलं लोह किती आहे, याची फेरिटिन नावाची तपासणी करायची का, ते डॉक्टरांना विचारा. घरात कुणाला सिकलसेल किंवा थॅलेसेमिया असेल, तर आधी तसं सांगा, कारण त्यात लोह मनानं घ्यायचं नसतं. शाळेत आणि अंगणवाडीत मुलींना आठवड्यातून एकदा निळी गोळी मिळते, ती कचऱ्यात जाऊ देऊ नका. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, लिंबूपाण्याबरोबर घ्यायची. शौचाला काळं झालं तर घाबरायचं नाही. आणि लोहाच्या गोळ्या लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका. त्यांना त्या विषासारख्या ठरतात.

घरात कुणी मांस, अंडी, दूध काहीच खात नसेल, तर बी-12 चंही विचारा. ते जीवनसत्त्व भाजी-भाकरीत नसतं.

आणि पाळीकडे लक्ष ठेवा. सराव वाढला आणि दोन-तीन महिने पाळी आली नाही, तर काही जणी म्हणतात, बरं झालं, खेळात अडचण नको. ते बरं नव्हे. पोरगी जेवढी शक्ती खर्च करते, तेवढं तिच्या पोटात जात नाही, याची ती खूण असू शकते. पुढे हाडं ठिसूळ होतात. अशा वेळी डॉक्टरांना दाखवायचं आणि जेवण वाढवायचं.

ते दीड हजार रुपये हाताशी असतीलच, तर त्यात महिनाभर काय काय येतं, ते आपल्यापेक्षा चांगलं कुणाला ठाऊक? अंडी, दूध, शेंगदाणे, गूळ, हरभरे, मोड आलेली मटकी, मेथी, शेवग्याचा पाला, आवळा, लिंबं. 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. एवढं तर तेवढ्याच दुधातही नसतं. नाचणी आपल्या कणगीत आहे, पण तिची जाहिरात कुणी करत नाही.

शेवटचं एक. गिरणीतल्या त्या बाया आजारी पडल्या, कारण त्यांच्या ताटात काही उरत नव्हतं. आपल्या किती घरांत आजही बाई आणि मुलगी शेवटी जेवतात? कालवण संपलेलं असतं, चटणी-भाकर उरते. लेक धावायला जाते तरी तिचं ताट भावाच्या नंतरच. ती उणीव कुठल्याच डब्यानं भरत नाही. आज संध्याकाळी लेकीला घरातल्यांच्या बरोबरीनं ताटावर बसवा, आणि तुम्हीही तिच्या शेजारी बसा. उद्या सकाळी रक्त तपासायला जाताना आपलंही तपासून घ्या.